भांडं जागेवर, आरसा फिरता

शिर्डीच्या साई प्रसादालयाच्या गच्चीवर ७३ अंतर्गोल आरसे बसवलेत, एकेक आरसा १६ चौरस मीटरचा. त्यांच्यावर पडलेल्या उन्हानं पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पाइपांतून खालच्या स्वयंपाकघरात उतरून डाळ-भात शिजवते. हे मला कळलं कुठून? आठवीतल्या एका पोरीच्या प्रकल्पाच्या वहीतून! मी नगरला शाळेत मराठी शिकवते. विज्ञान प्रदर्शनात आम्हा भाषावाल्यांकडं पोरांच्या रांगा लावायच्या आणि पाहुण्यांच्या चहाचं बघायचं, एवढंच काम. त्या धावपळीत चंदेरी कागद चिकटवलेली एक पुठ्ठ्याची गच्ची दिसली, खाली ठळक अक्षरांत ‘जिल्हा : अहिल्यानगर’, आणि मी थांबले ती थांबलेच. पाहुणे पुढं निघून गेले, चहा किटलीत राहिला.

अहो, त्या प्रसादालयात मी कितीदा जेवलेय! रांगेत उभं राहायचं, कुपन घ्यायचं, ताट पुढं करायचं, दुसऱ्यांदा वरण मागायचं. डोक्यावर एवढा खटाटोप चाललाय याची कुणी साधी कुणकुणही लागू दिली नाही. शिर्डीहून आलेला माणूस पार्किंगचं सांगतो, दर्शनाला किती तास लागले ते सांगतो, पेढे देतो. गच्चीचं कुणी बोलत नाही.

घरी आल्यावर शोधत बसले आणि झोप उडाली. २००९ च्या जुलैमध्ये तेव्हाचे केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जामंत्री डॉ. फारूक अब्दुल्ला यांच्या हस्ते या यंत्रणेचं उद्घाटन झालं. खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख, त्यातले ५८ लाख ४० हजार केंद्र सरकारचं अनुदान. बांधणी वलसाडच्या गढिया सोलर या कंपनीची. दिवसाला साडेतीन हजार किलो वाफ आणि वर्षाला सुमारे एक लाख किलो स्वयंपाकाच्या गॅसची बचत, असा अंदाज होता. एक लाख किलो! आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरात मोजा, सात हजारांवर भरतात. त्याआधी २००२ पासून शिर्डीतच ४० आरशांची लहान यंत्रणा होती, म्हणजे संस्थाननं आधी छोटं करून पाहिलं आणि मग मोठ्याला हात घातला. २००९ ची यंत्रणा उभी राहिली तेव्हा ती या प्रकारातली जगातली सर्वांत मोठी असल्याचं जाहीर झालं होतं. तिरुमलाला २००२ मध्ये १०६ आरसे बसवले होते, पण ते प्रत्येकी ९.२ चौरस मीटरचे. गुणाकार करून बघा. तिकडं ९७५ च्या आसपास, आपल्याकडं १,१६८ चौरस मीटर. आपण पुढं!

पण नुसत्या आकड्यांवर माझा विश्वास बसेना. साडेतीन हजार किलो वाफ म्हणजे काय चेष्टा आहे? नवरा बँकेत आहे, त्याला रात्री साडेदहाला वही-पेन घेऊन बसवलं. स्वच्छ आकाश असेल तर भर दुपारी सूर्यासमोर धरलेल्या चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट ऊन पडतं. सकाळ-संध्याकाळची उतरती तिरीप धरून दिवसभराची बेरीज साडेपाच युनिट म्हणू. आरसे सूर्यासमोर सरळ नसतात, तिरके असतात, म्हणून ११६८ मधले सत्तर टक्केच धरले. जे ऊन झेललं त्यातलं निम्मं वाटेत हरवतं, असं कडक मारवाडी गणित मांडलं. उत्तर आलं साडेबावीसशेच्या आसपास युनिट. आता दुसरी बाजू. उकळी आलेल्या एक किलो पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटही लागत नाही, ०.६३ लागतं. साडेतीन हजारानं गुणलं. बावीसशे! नवऱ्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘‘ताळा जुळतोय की.’’ बँकेतल्या माणसाकडून यापेक्षा मोठी दाद मिळत नसते.

आणि यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तर पुढंच आहे. पाणी फिरवायला पंप नाही! आरशांच्या वरच्या अंगाला एक आडवा जाड पाइप असतो, त्याला हेडर म्हणतात. त्यात पाणी भरलेलं. आरसे दोन-दोनच्या जोडीनं आपलं ऊन एका लोखंडी डब्यावर, म्हणजे रिसिव्हरवर, टाकतात. तिथली उष्णता साडेपाचशे अंशांपर्यंत चढते. हेडरमधलं थंड पाणी खालच्या बाजूनं रिसिव्हरमध्ये येतं, तापतं, हलकं होतं, वाफेसकट वरच्या नळीनं परत हेडरमध्ये चढतं, त्याच्या जागी नवं थंड पाणी उतरतं. तापलेलं वर जातं आणि गार खाली येतं, या एका गोष्टीवर सगळं चक्र चालतं. वाफ हेडरमध्ये साठत जाते, दाब वाढत जातो, आणि स्वयंपाकी खाली कॉक उघडतो. वीज गेली म्हणून वाफ व्हायची थांबत नाही. भारनियमनात दहावीचा अभ्यास केलेल्या बाईला हे वाचून काय झालं असेल, सांगा.

ढग आले तर? रात्री? तर नेहमीचा बॉयलर जोडलेला आहेच. ही वाफ त्याच पाइपांत मिसळते. ऊन असेल तेवढं उन्हाचं, उरलेलं इंधनाचं. जुनं मोडून नवं बसवलं नाही, जुन्याच्या शेजारी आणून उभं केलं. हा शहाणपणा मला फार मोठा वाटतो.

एवढं कळल्यावर एक तरी आरसा हाताच्या अंतरावरून बघायचाच होता. ओळखीतून ओळख काढत नगरपासून फार लांब नसलेल्या एका मुलींच्या वसतिगृहात पोचले. तिथं वाफबिफ नाही, एकच आरसा आणि एकच चूल. पण जे पाहिलं ते पाहून वेड लागायची पाळी आली.

स्वयंपाकघराच्या भिंतीला बाहेरच्या अंगानं एक चौकोनी भोक. भोकाच्या कडेचा गिलावा काळा पडलेला. भिंतीपासून चार-पाच पावलांवर अंगणात तो आरसा. एकसंध काच नव्हे, लोखंडी चौकटीवर वाकवलेल्या पट्ट्या आणि त्यांच्यावर तारेनं बांधलेले आरशाचे शेकडो चौकोनी तुकडे. खाली सायकलची साखळी! खरीखुरी सायकलची साखळी, दातेरी चक्रावरून गेलेली, दुसऱ्या बाजूला तोल सांभाळायला वजन. सकाळी तिथल्या मामांनी आरसा हातानं पूर्वेकडं वळवला. दिवसातून एकदाच हे करायचं, मग टायमरवर चालणारी छोटी मोटर त्याला सूर्यामागं ढकलत नेते. मामांनी मला काळा चष्मा दिला. भिंतीवर उजेडाचा एक थाळीएवढा गोळा उमटला, सरकत सरकत भोकाकडं गेला आणि आत शिरला. मामांनी एक वाळकी काडी त्या झोतात धरली. धूर नाही, ठिणगी नाही, एकदम जाळच!

‘‘बाई, हात नका घालू तिथं,’’ मामा म्हणाले. मी घालणारही नव्हते, पण माझ्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं असावं.

आत गेले. आत सावली! मावशी पंख्याखाली उभ्या राहून वरण ढवळत होत्या. ओट्याच्या पोटात आणखी एक लहान आरसा बसवलेला. बाहेरून आडवा आलेला झोत त्याच्यावर आपटून वर वळतो आणि पातेल्याच्या काळ्या बुडावर पडतो. पातेलं ओट्यावर जिथं असतं तिथंच. मी विचारलं, फोडणी गॅसवर देता का? मावशींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की त्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळालं. तेल टाकलं, मोहरी टाकली, तडतडली. उन्हावर तडतडली मोहरी! (शिर्डीसारख्या वाफेच्या यंत्रणेत हे होणार नाही, वाफेवर शिजवता-उकडता येतं, तळण आणि भाजणं तिच्या आवाक्यातलं नाही. इथं थेट ऊन बुडाला लागतं म्हणून जमतं.)

हा आरसा ज्यानं शोधला तो वोल्फगांग शेफलर. पहिला आरसा त्यानं १९८६ मध्ये केनियातल्या एका मिशनच्या ठाण्यावर उभा केला. गावातल्या वेल्डरला करता यावा, सायकलचे भाग वापरता यावेत, असा त्याचा आग्रह. आराखडा त्यानं स्वतःपाशी दाबून ठेवला नाही, ज्याला हवा त्याला दिला. भारतात अबू रोडला ब्रह्माकुमारींच्या संस्थेत नव्वदीच्या दशकाच्या शेवटी ८४ आरशांवर वाफ करून हजारोंचा स्वयंपाक सुरू झाला. मग तिरुमला, मग शिर्डी. आपल्याकडं हे तंत्र आधी देवाच्या दारी रुजलं याचं कारण साधं आहे. एवढ्या ताटांचा रोजचा स्वयंपाक आणि एवढी मोकळी गच्ची एकाच छपरावर दुसरीकडं सापडत नाही.

आता शेफलरनं नेमकं केलं काय, ते मला जसं समजलं तसं सांगते, कारण इथंच खरी मेख आहे. एक भलीमोठी कढई डोळ्यांपुढं आणा. तिच्या आतल्या बाजूला आरसा लावला आणि तोंड सूर्याकडं धरलं तर सगळं ऊन कढईच्या मधोमध, थोडं वर, एका बिंदूत येतं. तिथं भांडं टांगायचं. पण सूर्य सरकला की कढई सरकवायची, आणि कढई सरकली की भांडंही तिच्यासोबत हिंदकळणार. स्वयंपाकीण भर उन्हात, आरशाच्या चकाकीत, वरण हलवत उभी. कोण करेल असला स्वयंपाक? शेफलरनं त्या कढईचा तळ घेतलाच नाही. काठाकडचा एक तुकडा तेवढा कापून घेतला. त्या तुकड्याचा बिंदू बाजूला पडतो, उन्हाच्या वाटेत येत नाही. मग तो तुकडा अशा आसावर बसवला की जो पृथ्वीच्या आसाला समांतर आहे, आपल्या भागात जमिनीशी एकोणीस-वीस अंशांचा कोन करून ध्रुवताऱ्याकडं रोखलेला, आणि तो आस बरोबर बिंदूतून जातो. तासाला पंधरा अंश फिरवत राहा, आरसा सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडं जाईल आणि बिंदू जागचा हलणार नाही. बिंदू हलला नाही तर भांडं हलत नाही. भांडं हललं नाही तर ते भिंतीच्या आत, सावलीत, मावशींच्या पंख्याखाली ठेवता येतं!

आणि उत्तरायण-दक्षिणायनाचं काय? सूर्य वर्षभरात उत्तरेकडं साडेतेवीस आणि दक्षिणेकडं साडेतेवीस अंश सरकतो. त्यासाठी आरसा थोडा कलवावा लागतो आणि, हे वाचून मी खुर्चीतून उठले, त्याचा आकारही बदलावा लागतो. म्हणून चौकट लवचीक ठेवलेली. वरच्या आणि खालच्या टोकाला पकडी आहेत, दर दोन-चार दिवसांनी मामा त्या थोड्या सैल करतात, आरसा किंचित वाकवतात, भिंतीवरचा गोळा लहान आणि धारदार झाला की कसतात. खगोलशास्त्र पान्यानं चाललंय.

तिथून माझी गाडी मागं मागं गेली. ऊन पकडायची ही खटपट कुणी सुरू केली? जिनिव्हाचा ओरास द सोस्युर, वर्ष १७६७. एकात एक अशा काचेच्या पेट्या ठेवून त्यानं आतली उष्णता मोजली, पाणी उकळण्याच्या जवळ पोचला, पुढं चांगली बांधलेली पेटी करून शंभर अंशांच्याही वर गेला. काच ऊन आत सोडते आणि उष्णता बाहेर सोडत नाही, एवढंच तत्त्व. मग फ्रान्समधला गणिताचा शिक्षक, ओग्युस्तँ मूशो. शिक्षक! १८६६ मध्ये त्यानं उन्हावर वाफेचं इंजिन चालवून दाखवलं, आणि १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात उन्हावर चालणाऱ्या यंत्रानं चक्क बर्फ केला. त्याच्या मदतनिसानं, आबेल पिफ्रनं, १८८२ मध्ये पॅरिसच्या बागेत उन्हाच्या वाफेवर छापखाना चालवून वर्तमानपत्र छापलं. मूशोचा बॉयलर मात्र आरशाच्या मधोमध उभा, दोघं मिळून एकत्र फिरायचे. म्हणजे कढईवालाच प्रकार. पुढं फ्रान्सला स्वस्त कोळसा मिळाला आणि सरकारचा मूशोतला रस आटला.

आणि आता मी ज्या माणसाबद्दल कुणालाही पकडून सांगत सुटले आहे तो. विल्यम ॲडम्स. कुठला? मुंबईचा! मुंबई उच्च न्यायालयाचा उपनिबंधक. दिवसभर दाव्यांची कागदपत्रं आणि उरलेल्या वेळात आरसे. मूशोचं काम त्यानं वाचलं होतं आणि त्याला पटलं होतं की कोळसा विलायतेतून आणायचा, रानं तोडून लाकूड जाळायचं, आणि डोक्यावर हे ऊन वाया घालवायचं, हा वेडेपणा आहे. पण मूशोचा गोल आरसा मोठा करायचा तर महागडा आणि जड होतो. ॲडम्सनं तो सोडूनच दिला. साधे सपाट आरसे घेतले, १७ इंच लांब, १० इंच रुंद, आणि एका मोठ्या चौकटीवर प्रत्येक जरा वेगळ्या कोनात लावला, असा की सगळ्यांचं ऊन एकाच जागी पडावं. ७२ आरशांनी वीस फुटांवरचं लाकूड पेटलं. मग त्यानं आरशांची आख्खी चौकट अर्धवर्तुळाकार रुळावर बसवली. सूर्य सरकला की एक मजूर चौकट ढकलायचा, आणि बॉयलर? बॉयलर जागेवर! १८७८ मध्ये मधल्या कुलाब्यात त्याच्या आवारात अडीच अश्वशक्तीचं इंजिन या उन्हावर दोन आठवडे दिवसा चालत होतं आणि लोक बघायला येत होते.

बॉयलर जागेवर, आरसा फिरता. शेफलरच्या शंभर वर्षं आधी. कुलाब्यात.

मला हा धागा सापडला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि सांगायला कुणी नव्हतं. पुस्तकांतून साधारण सांगतात की आरसे मोठे होत गेले, उष्णता वाढत गेली, कार्यक्षमता वाढली. असेल. पण मला तरी या दोन-अडीचशे वर्षांत चुलीपाशी राबणाऱ्या बाईच्या कामाचं एकच भांडण दिसतं. हलायचं कुणी, भांड्यानं की आरशानं? जिथं भांड्याला हलावं लागलं तिथं यंत्र प्रदर्शनापुरतं राहिलं. जिथं भांडं स्थिर राहिलं तिथं ते स्वयंपाकघरापर्यंत पोचलं. याला अपवाद आहेत, एक तर पुढं मीच सांगणार आहे, पण ढोबळमानानं हे खरं धरायला माझी हरकत नाही.

ॲडम्सनं स्वयंपाकाची चूलही केली होती. आठ बाजूंच्या आरशांची, मधोमध काचेखाली भांडं. जानेवारीच्या उन्हात सात सैनिकांचं जेवण दोन तासांत. इंग्रज सैन्याच्या तंबूत शिरावी अशी त्याची इच्छा होती. १८७८ मध्येच त्यानं मुंबईत या सगळ्यावर ‘सोलर हीट’ नावाचं पुस्तक छापलं. आपल्या राज्याच्या राजधानीत हे घडलं आणि आपल्या पाठ्यपुस्तकात एक ओळ नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना मी हे शिक्षक-खोलीत ऐकवलं. ते म्हणाले, ‘‘बाई, अभ्यासक्रमात नाही.’’ जाऊ द्या.

गरम पाण्याच्या बंबाची कथा वेगळ्या वाटेनं गेली, ती भराभर सांगते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पनं १८९१ मध्ये काळ्या टाक्या काचेच्या पेटीत घालून पहिला विकाऊ सौर बंब केला. पण रात्री पाणी गार व्हायचं. १९०९ मध्ये विल्यम बेलीनं तापवायची नळ्यांची पेटी आणि साठवायची टाकी वेगळी केली, टाकी गुंडाळून उबदार ठेवली, आणि पाणी आपोआप चढवायचं काम तापलेल्या पाण्यावरच सोपवलं. शिर्डीच्या हेडरमध्ये चालतं तेच! आपल्या गच्चीवर सौर बंबाची टाकी पेटीच्या वर का असते याचं उत्तर बेलीकडं आहे. पंप वाचतो. (नगरच्या बोअरच्या पाण्याचा क्षार बसून त्या नळ्या बुजतात, त्याचं उत्तर बेलीकडं नाही. ते प्लंबरकडं आहे आणि तो फोन उचलत नाही.) पुण्यात महापालिकेनं सौर बंब लावणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत दिली, आणि तिथल्या सोसायट्यांच्या गच्च्या काचेनं भरून गेल्या. आणि पुन्हा वाफेच्या वाटेवर यायचं तर, फ्रँक शूमननं १९१३ मध्ये इजिप्तमध्ये कैरोजवळ ६२ मीटर लांबीच्या पाच आरशांच्या पन्हाळींवर वाफ करून नाईलचं पाणी शेतात उपसलं. वर्षभरात पहिलं महायुद्ध पेटलं, त्यानंतर स्वस्त तेल आलं. मूशोचंच पुन्हा.

हे सगळं मी जेवताना ऐकवत होते आणि सासूबाई शांतपणे भाकरी मोडत होत्या. म्हणाल्या, ‘‘अगं, माळ्यावर आहे की आपली.’’

काय आहे माळ्यावर? सौर पेटी! ऐंशीच्या दशकात सरकारी अनुदानावर मिळायची ती, झाकणाला आतून आरसा, खाली दुहेरी काच, आत काळे पत्र्याचे डबे. सोस्युरची पेटी आमच्या माळ्यावर जुन्या सतरंज्यांखाली पडून होती! मी लग्न होऊन आल्यापासून तिला ट्रंक समजत होते. सासूबाई म्हणाल्या, नोकरीला जायच्या आधी डाळ-तांदूळ लावून गच्चीवर ठेवायच्या, दुपारी आल्या की तयार. करपत नाही, उतू जात नाही, बघत बसावं लागत नाही. ‘‘आणि शेंगदाणे भाजायला तर याच्यासारखं दुसरं काही नाही. एकसारखे भाजतात.’’ मग बंद का केलं? तर समोर तीन मजली इमारत झाली आणि अकरानंतर सावली यायला लागली. बघा, कारण किती साधं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात एम. एल. घई यांनी आरशाची सूर्यचूल करून दाखवली होती, तिचा गाजावाजाही झाला, पण ती घराघरांत गेली नाही. त्यावर मोठमोठी कारणं लिहिली गेलीत. माझ्या सासूबाईंचं कारण मला जास्त पटतं.

पेटी पुसली, काचेची रबरी पट्टी बदलली, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. शेंगदाणे खरंच एकसारखे भाजतात. सालं हातात चोळली की उडून जातात.

आता जो अपवाद म्हटला तो. लातूरला महानंदच्या दूध प्रकल्पात २००६ मध्ये ‘अरुण’ नावाचा आरसा लागला, एकटा १६० चौरस मीटरचा, म्हणजे शिर्डीचे दहा एका जागी. आयआयटी मुंबईतले प्रा. शिरीष केदारे यांचं हे काम. दूध पाश्चराइज करायला लागणारी उष्णता त्यावर मिळवली. यात रिसिव्हर आरशाला बांधलेला आहे, दोघं मिळून सूर्यामागं फिरतात. मूशोची वाट! माझ्या सिद्धान्ताला सरळ छेद. पण तिथं वरण ढवळायला कुणी उभं नाही, वाकत्या-फिरत्या नळीतून तापलेलं पाणी तेवढं खाली आणायचं आहे. म्हणजे माणूस मध्ये नसेल तर भांड्यानं खुशाल फिरावं. सिद्धान्त थोडा वाकवून मी तो वाचवला आहे, शेफलरचा आरसाही वाकवतातच की.

आमच्या घरात सध्या वाद पेटलाय. नवऱ्याचं म्हणणं, हे सगळं ठीक, पण आता छपरावर वीज करणारे सोलर पॅनेल लावायचे आणि खाली इंडक्शन शेगडी. साखळी नाही, आरसा पुसणं नाही, सकाळी उठून पूर्वेकडं वळवणं नाही, आणि रात्रीचंही जमतं. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे हे मला कबूल करावं लागतं. आरशांवर आमच्या जिल्ह्यातली धूळ बसते, बिजागऱ्या गंजतात, मामांसारखा माणूस रोज लागतो, आणि तो सुटीवर गेला की सगळं थांबतं. पण पॅनेल पडलेल्या उन्हातलं पाचव्या हिश्श्याच्या आसपासच विजेत उतरवतं आणि मग आपण त्या विजेची परत उष्णता करतो. आरसा झेललेल्या उन्हातलं निम्मं थेट उष्णता म्हणून देतो. ज्याला उष्णताच हवी आहे त्यानं विजेच्या दारातून वळसा का घालावा? घरापुरतं असेल तर नवरा जिंकला, चार जणांच्या वरणाला आरसा परवडत नाही. पण वसतिगृहं, दूध संघ, पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यातले साखर कारखाने, जिथं पोत्यानं डाळ शिजते किंवा टाक्यांनी पाणी तापतं, तिथं मी माघार घेणार नाही.

गच्चीचं माप घेऊन झालंय. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी दोननंतर कुठवर येते ते खडूनं आखून ठेवलंय. दक्षिणेकडचा भाग पॅनेलला, पूर्वेकडची पट्टी सौर पेटीला, आणि उन्हाळ्यात वाळवणाला जागा लागणारच, ती सासूबाई सोडायला तयार नाहीत. आरशाला उरते जिन्याच्या डोक्यावरची जागा. तिथं मीटर-सव्वामीटरचा लहानसा बसेल. वसतिगृहातले मामा म्हणाले, चौकट ते वेल्ड करून देतील, साखळी मात्र माझी मी आणायची.